कोरी सोडलेली जागा

एप्रिल महिना. फिनलंडच्या आखातातलं एक चिमुकलं बेट, आणि भोवती अजून गोठलेला समुद्र. रात्री पुनवेचा चंद्र खिडकीत येतो आणि सोफिया नावाच्या लहान मुलीला जाग येते. तिला आधी आठवतं, आपण बेटावर परत आलो आहोत. मग आठवतं, की आता अख्खा पलंग आपल्या एकटीचा आहे, कारण आई मेली आहे. चुलीत विस्तव धगधगत असतो. मुलगी पुन्हा झोपेत शिरते, आणि पुस्तक पुढे चालू लागतं.

तूवे यान्सनचं हे पुस्तक १९७२ साली स्वीडिश भाषेत आलं. मूळ नाव ‘सोमारबूकेन’, म्हणजे सरळ मराठीत ‘उन्हाळ्याचं पुस्तक’. छोटी छोटी २२ प्रकरणं, आणि मुख्य माणसं तीनच: एक आजी, एक नात आणि टेबलाशी पाठमोरा बसून काम करणारा बाप. आईच्या मरणाचा उल्लेख येतो तो दुसऱ्या प्रकरणातल्या त्या एका वाक्यात. त्यानंतर वीस प्रकरणांत पुन्हा नाही. कुणी रडत नाही, कुणी फोटोकडे पाहत बसत नाही, ‘तुझी आई असती तर’ असं एकदाही कुणी म्हणत नाही. पहिल्या वाचनात मी ते वाक्य ओलांडून पुढे गेले होते. बरंच पुढे गेल्यावर कुठेतरी पाय अडखळला आणि मी पानं उलटत मागे आले. वाक्य तिथेच होतं, चांदण्यात पडलेलं.

त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. पलंग आधी येतो आणि मृत्यू नंतर. मोठं माणूस हे सांगेल तेव्हा आधी ‘आई गेली’ म्हणेल आणि त्याखाली पलंग, खोली, कपड्यांचं कपाट अशी दुःखाची यादी लावेल. मुलाच्या जाणिवेत हा क्रम उलटा असतो. हाताला लागतो तो पलंग. आज त्यात जागा जास्त आहे, आणि जागा जास्त का, याचं उत्तर म्हणजे मरण. या वाक्यात मरण एक कारण म्हणून येतं, ‘पाऊस होता म्हणून खेळायला गेलो नाही’ इतक्या साधेपणानं. त्या साधेपणामुळेच ते वाक्य काळीज चिरत जातं. त्याच रात्री सोफियाला प्रवासाच्या बॅगांचं स्वप्न पडतं: उघड्या बॅगा, आत काळोख आणि शेवाळ, आणि त्या तरंगत निघून जातात. वाक्यात जे नव्हतं ते स्वप्नानं उचललं.

हे कळल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा वाचावं लागतं. तिथे जुलैची सकाळ आहे, रात्रभर पाऊस होऊन गेलेला. आजीची कवळी व्हरांड्याजवळच्या फुलझाडांत पडली आहे आणि ती वाकून हुडकते आहे. नात येते, प्रश्न विचारते, कवळी सापडते. ती तोंडात बसवताना बघायचा हट्ट होतो. मग नात सहज विचारते, तू कधी मरणार? आजी सांगते की लवकरच, पण ती तुझी काळजी नव्हे. पहिल्या वाचनात आपण हसतो. दुसऱ्या वाचनात कळतं की हा प्रश्न हवेतून आलेला नाही. एक माणूस न सांगता निघून गेलेलं आहे, आणि उरलेल्या माणसांकडून मुलीला आता आधी तारीख हवी आहे. लेखिकेनं हा प्रश्न आईचा मृत्यू सांगण्यापूर्वी ठेवला, म्हणून त्याचं ओझं आपल्याला उशिरा जाणवतं.

आपल्या काव्यशास्त्रात करुणरसाचा स्थायिभाव शोक, आणि त्याचे अनुभाव म्हणजे अश्रू, विलाप, सुस्कारे. या पुस्तकात शोक आहे पण त्याचे अनुभाव जवळजवळ सगळे पुसून टाकले आहेत. उरले आहेत ते फक्त विभाव: बेट, भरती, मेलेला पक्षी, कापलेलं गांडूळ. आनंदवर्धनानं ज्याला ध्वनी म्हटलं, म्हणजे शब्दांच्या वाच्यार्थापलीकडे उमटत राहणारा अर्थ, तो इथे २२ प्रकरणभर घुमत असतो. आणि हे साधलं आहे ते अशा बाईनं जी आयुष्यभर स्वतःला आधी चित्रकार मानत आली. मला वाटतं, कोरी जागा कशी सोडायची हे ती शब्दांकडून शिकलेली नाही. ते ती कॅनव्हासपाशी शिकली, आणि तेही सहजासहजी नाही.

तूवे यान्सनचा जन्म ९ ऑगस्ट १९१४ चा, हेलसिंकीतला. बाप विक्तोर शिल्पकार. आई सिग्ने हामरस्तेन स्वीडनहून आलेली, घरात सगळे तिला ‘हाम’ म्हणत. हाम पुस्तकांची, मासिकांची चित्रं काढायची. फिनलंडची दीडशेच्या वर टपाल तिकिटं तिच्या हातची आहेत. शिल्पांना गिऱ्हाईक कधी मिळे, कधी नाही. चूल पेटती राहायची ती हामच्या शाईवर. घरात स्वीडिश बोलली जाई, म्हणजे देशात अल्पसंख्याकांची भाषा. पोर बोलायच्या आधी रेघोट्या मारायला शिकली असावी असंच ते घर होतं. पुढे स्टॉकहोममध्ये, मग हेलसिंकीच्या अतेनेऊममध्ये आणि काही काळ पॅरिसमध्ये तिचं चित्रकलेचं शिक्षण झालं. ‘गार्म’ नावाच्या व्यंग्यपत्रात ती १५ व्या वर्षापासून चित्रं काढू लागली होती. १९३८ साली तिनं हिटलरला त्या पत्राच्या मुखपृष्ठावर हट्टी, भोकाड पसरलेलं, आणखी केक मागणारं कार्टं करून बसवलं.

१९४२ मध्ये तिनं ‘कुटुंब’ हे मोठं चित्र रंगवलं. युद्ध चालू होतं आणि धाकटा भाऊ पेर उलोव आघाडीवर होता. चित्रात दोघे भाऊ बुद्धिबळाच्या पटाशी आहेत, पेर उलोव गणवेशात. आई-वडील आहेत. मधोमध स्वतः तूवे उभी, काळ्या कपड्यांत आणि काळ्या हॅटमध्ये, सुतकातल्यासारखी. घरातली पाचही माणसं एका खोलीत आहेत आणि कुणाची नजर कुणाला मिळत नाही. चित्राचं कौतुक झालं नाही, तिला ते लागलं. आज पाहताना वाटतं, तिला काय म्हणायचं आहे ते सगळं तिनं चित्रात आणून बसवलं होतं: युद्ध, भीती, बापाशी असलेला ताण, आईवरचा जीव, स्वतःचं एकटेपण. एवढ्या गोष्टींना दाटीवाटीनं बसवल्यावर डोळ्याला टेकायला जागा राहत नाही. २८ वर्षांची मुलगी होती ती. त्या वयात, आणि त्या दिवसांत, काही वगळावं असं वाटतच नसेल.

पाच वर्षांनी, १९४७ मध्ये, हेलसिंकीच्या नगरगृहाच्या उपाहारगृहासाठी तिनं दोन भित्तिचित्रं केली. त्यांतलं एक शहरातल्या मेजवानीचं. पुढच्या बाजूला टेबलाशी सिगारेट घेऊन तूवे स्वतः बसली आहे, जवळच तिच्या मुलांसाठीच्या गोष्टींतला एक इवलासा मूमिन. मागे नाचणाऱ्यांत आहे नाट्यदिग्दर्शिका विविका बांदलेर, जिच्यावर तूवेचं तेव्हा उत्कट प्रेम होतं. फिनलंडमध्ये असं प्रेम कायद्यानं गुन्हा होता, तो कायदा १९७१ पर्यंत टिकला. जे कुठे बोलता येत नव्हतं ते तिनं शहराच्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढून ठेवलं. लोक जेवत राहिले.

न बोलता बोलण्याची ही तिची पहिली रीत. दाटीत लपवायचं. पुढल्याच वर्षीच्या मूमिन पुस्तकात तोफ्सलान आणि विफ्सलान नावाची दोन बुटकी पात्रं येतात, हातात हात धरून, स्वतःच्याच भाषेत बोलत, एक बॅग सांभाळत. बॅगेत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. आत असतं एक देखणं, धगधगतं माणिक. तूवे आणि विविका यांच्या नावांतूनच ही दोन नावं झाली आहेत, हे कळलं की माणिकाचा लाल रंग आणखी गडद होतो. मला सोफियाच्या स्वप्नातल्या त्या काळोख आणि शेवाळ भरलेल्या बॅगा वाचताना ही माणकाची बॅग हटकून आठवते. चोवीस वर्षांत बॅगेतलं बदललं. बॅग तीच राहिली.

मूमिनची सारी हकिकत इथे सांगत नाही, ती जगाला माहीत आहे. पहिलं पुस्तक १९४५ चं, १९५४ पासून लंडनच्या ‘द इव्हनिंग न्यूज’मध्ये रोजची चित्रमालिका, मग न संपणारी पत्रं आणि करारमदार. काही वर्षांनी ती थकली आणि मालिका धाकटा भाऊ लार्स याच्याकडे गेली. तिला रंगवायचं होतं. साठच्या दशकात ती पुन्हा रंगांकडे वळली आणि समुद्र काढू लागली: लाटा, खडक, वादळ, इतके जवळून की हळूहळू लाट लाट राहत नाही, नुसता रंगाचा जोर राहतो. त्या चित्रांत माणसं नाहीत. ‘कुटुंब’पासून इथवर येताना तिनं एकेक माणूस चित्राबाहेर नेला, असं मला ती पाहताना वाटत राहतं. याच काळात, १९६५ मध्ये, तिनं शरद ऋतूचं एक गाणं लिहिलं, एर्ना ताउरोनं त्याला चाल लावली. मोजकीच गाणी लिहिली तिनं. पण सरत चाललेला प्रकाश आणि उरलेला थोडा वेळ हा त्या गाण्याचा विषय पाहिला, की पुढे गद्यात आलेला काव्याचा झरा कुठला ते कळतं.

१९७० च्या जूनमध्ये हाम गेली. तूवे तेव्हा ५५ वर्षांची होती, आणि आईपासून फार लांब ती कधी गेलीच नव्हती. त्याच वर्षी मूमिनची शेवटची कादंबरी आली, नोव्हेंबरच्या दिवसांवरची. या कादंबरीत मूमिन कुटुंबच नाही. अनेक जण आपापल्या दुखण्यांसह त्या घराकडे येतात, विशेषतः मूमिनआईच्या ओढीनं, आणि घर रिकामं. पाऊस, ओला पाला, बंद घड्याळासारखे दिवस. संपूर्ण पुस्तक लोक वाट बघतात. लहान मुलांच्या लाडक्या मालिकेत नायकांनाच आणायचं नाही, हे धाडस तिनं ज्या वर्षी केलं ते वर्ष लक्षात ठेवलं पाहिजे. दोन वर्षांनी ‘उन्हाळ्याचं पुस्तक’ लिहिलं तेव्हा तिनं ही रीत आणखी बारीक केली. नोव्हेंबरच्या पुस्तकात अनुपस्थिती दारातच उभी असते. उन्हाळ्यात ती एका वाक्याएवढी होते, आणि बाकी सगळीकडे ऊन पडलेलं असतं.

आजीमध्ये हाम आहे, सोफियामध्ये लार्सची मुलगी, तूवेची भाची सोफिया. बेट बरंचसं ब्रेदशेरसारखं, पेल्लिंगे द्वीपसमूहातलं, जिथे तूवे आणि लार्स यांनी १९४७ मध्ये घर बांधलं होतं. म्हणजे एक मुलगी नुकत्याच गेलेल्या आपल्या आईला लिहिते आहे, आणि लिहिताना गोष्टीत मरण आईचंच ठेवते, पण आई दुसऱ्या कुणाची तरी. स्वतःच्या आईला ती आजी करून जिवंत ठेवते: काठी टेकत, चोरून सिगारेट ओढत, खोटं बोलत, खडकांवरून सरपटत. मला या पुस्तकातली सगळ्यांत हळवी गोष्ट ही अदलाबदल वाटते.

आणि काय आजी आहे ती! ही आजी गोष्टी सांगत मांडीवर घेऊन बसणारी नव्हे. बेटाच्या पलीकडच्या टोकाला वाऱ्यानं पिळवटलेल्या, अर्धमेल्या झाडांचं रान आहे. तिथे बसून ती लाकडाच्या वाहून आलेल्या तुकड्यांतून चित्रविचित्र प्राणी कोरते आणि त्यांना रानातच सोडते. व्हेनिसचं एक कार्ड येतं तेव्हा दोघी मिळून पाणथळ जागेत दगडालाकडांचं व्हेनिस उभं करतात, कालवे आणि महालासकट. रात्री पाऊस येतो, महाल बुडतो, आणि सोफिया हंबरडा फोडते. खेळण्यातल्या घरासाठी एवढा आकांत? वाचक थबकतो आणि त्याला समजतं. आजीला तर आधीच समजलेलं असतं. ती समजूत घालत बसत नाही. रात्रभर जागून नवा महाल कोरते. पुस्तकात हाच तिचा स्वभाव आहे: दुःखाला शब्द न देता हात देणं.

तंबूचं प्रकरण मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. तरुणपणी आजी मुलींच्या स्काउट चळवळीत होती. मुलींनाही तंबूत झोपता यावं म्हणून तिनं धडपड केली होती. (हामनं स्वीडनमध्ये हेच काम केलं होतं.) आता सोफियाला पहिल्यांदा तंबूत एकटीनं झोपायचं आहे आणि ती विचारते, कसं असतं ते? आजी आठवायला जाते आणि तिच्या हाती काहीच लागत नाही. जे जगलं ते निसटत चाललं आहे, शब्द राहिलेत आणि आतलं गेलंय. नात चिडते. रात्री भिऊन ती तंबूतून उठून आजीकडे येते आणि मग स्वतःच सांगू लागते: आवाज किती जवळ येतात, तंबू किती लहान वाटतो. ऐकता ऐकता आजीला आठवतं. मुलगी तंबूत परत जाते. म्हातारीची स्मृती तिला नातीकडून परत मिळाली, हे लेखिका सांगत नाही. ती फक्त दोघींना आपापल्या अंथरुणावर पोचवते.

गांडुळांच्या प्रकरणात तर तिनं कमालच केली आहे. कुदळीनं तुटलेलं गांडूळ पाहून सोफिया घाबरते. मग ती गांडुळांवर एक ग्रंथच आजीला तोंडी सांगू लागते आणि आजी लेखनिक होऊन लिहून घेते, शुद्धलेखनाच्या शंका विचारत. तुटल्यावर दोन्ही अर्धी जगतात, पण त्यांना किती दुखतं हे कुणाला कळत नाही, अशा तऱ्हेचा तो शास्त्रीय आव आणलेला मजकूर. इतर कुठल्याही लेखकानं इथे एखादा दुवा ठेवला असता, म्हणजे वाचकाला आई आठवेल. तूवे यान्सन ठेवत नाही. मुलगी गांडुळाबद्दलच बोलते आहे. तिच्या बोलण्याचा मान राखायचा तर आपणही आधी गांडुळाबद्दलच ऐकलं पाहिजे.

बापाबद्दल वाचक फारसं बोलत नाहीत. तो खोलीत टेबलाशी असतो, पण त्याच्या तोंडी संवाद जवळजवळ नाहीत. एका प्रकरणात मात्र त्याला फुलझाडांचं, रोपांचं वेड लागतं. उघड्या खडकाच्या बेटावर तो बाग फुलवू बघतो आणि कोरड्या उन्हाळ्यात त्यांना पाणी कुठून आणायचं या एकाच ध्यासात राहतो. आजी आणि नात त्याच्याकडे जरा दुरूनच बघतात. बायको गेलेल्या माणसानं जिथे काही उगवत नाही तिथे मुळं रुजवायला निघावं, यावर मी काही जोडू इच्छित नाही. लेखिकेनंही जोडलेलं नाही.

वादळाचं प्रकरण तिच्या रक्तातलं. वडिलांना वादळं आवडायची, वादळ आलं की ते खुलायचे, असं तिनं बालपणावरच्या पुस्तकात लिहिलं आहे. इथे कंटाळलेली सोफिया देवाकडे काहीतरी घडू दे म्हणून प्रार्थना करते, आणि वादळ येतं, असं की समुद्र पांढरा होतो. आधी तिला मौज वाटते, मग अपराध: हे माझ्यामुळे झालं. मागितलं म्हणून कुणाचं वाईट झालं का, ही शंका आई गेलेल्या मुलीच्या मनात कुठून येते ते वेगळं सांगायला नको. आजी तिच्यावरचं ओझं प्रवचन न करता, मोठ्या चतुराईनं हलकं करते. याच काळातले तूवेचे समुद्राचे कॅनव्हास आठवले तर इथली वाक्यंही ब्रशच्या ओढीसारखी वाटू लागतात. आडवी, आखूड, थांबणारी.

पुस्तकात एके ठिकाणी बेटावरच्या शेवाळाबद्दल आहे. एकदा पाय पडला तर ते पुन्हा उठतं, दुसऱ्यांदा उठत नाही, तिसऱ्यांदा मरतं. तूवे यान्सनच्या गद्यालाही हीच मर्यादा आहे. आईचं मरण एकदा सांगितलं. पुन्हा त्यावर पाऊल ठेवलं असतं तर ते मेलं असतं.

ब्रेदशेरवर पाहुणे फार झाले तेव्हा ती आणि तिची जोडीदारीण, चित्रकार तूलिक्की पिएतिला, आणखी दूर समुद्रात गेल्या. दोघींच्या सहजीवनातलं त्यांचं खरं घर क्लोव्हहारू या नागड्या खडकावरचं, १९६४-६५ मध्ये बांधलेलं. एकच खोली, चार दिशांना चार खिडक्या. जवळजवळ तीस उन्हाळे तिथे गेले. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका उन्हाळ्यात तूवेला समुद्राची भीती वाटू लागली. जिला वादळ म्हणजे सण, तिला लाटा नकोशा झाल्या, आणि ही भीती तिला फितुरीसारखी वाटली. दोघींनी बेट सोडलं. तूवे २७ जून २००१ रोजी गेली.

या बेट सोडण्याची छाया मला वीस वर्षं आधी लिहिलेल्या शेवटच्या प्रकरणावर पडलेली दिसते. ऑगस्ट आहे. रात्री काळोख परतला आहे. उत्तरेकडे उन्हाळाभर तो नसतोच. आजी आवराआवर करते. कोकणात आगोटीला घर जसं पावसाच्या हवाली करण्याजोगं करून ठेवतात तसं, पण इथे माणसं राहणार नसतात. घराला कुलूप लागत नाही, वादळात सापडलेलं कुणी आलंच तर त्याला आसरा हवा. ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा माणसासाठी वस्तू जागच्या जागी ठेवण्यात आजीचा दिवस जातो. तिचे पाय आता नीट साथ देत नाहीत. रात्री तरीही ती एकटी बाहेर येते आणि लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसते.

दूरवर मासेमारीच्या होडीचं इंजिन ऐकू येतं. धडधड, धडधड. होडी निघून जाईल म्हणून ती वाट बघते, पण आवाज जात नाही. मग तिच्या ध्यानात येतं की होडी नाहीच, आपलं काळीजच वाजतं आहे. तिला जरा गंमत वाटते. उठून अंथरुणावर जावं की इथेच बसावं, याचा ती थोडा विचार करते, आणि अजून थोडा वेळ बसायचं ठरवते.